चिल्ला आणि आशाताई

बाळंतीण घरी आली की आपल्याकडे चाळीस दिवसांचा चिल्ला पाळतात. हेतू चांगलाच, जच्चाला विश्रांती मिळते. पण याच चिल्ल्याच्या नावाखाली आशाताईंना दारातूनच परत पाठवणारी घरे आम्हाला माहीत आहेत. "बच्चा सोया है," एवढे म्हटले की झाले.

प्रसूती दवाखान्यात झाली असेल, तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. घरी झाली असेल, तर पहिल्या दिवशीही. बाळाचे वजन करतात, अंग तापलेय की गार पडलेय ते पाहतात, दूध नीट ओढते का विचारतात. जंतुसंसर्ग झालेले तान्हे बाळ रडून घर डोक्यावर घेईलच असे नाही. ते मलूल होते, दूध सोडते. घरच्यांना वाटते, किती शहाणे बाळ!

ही पद्धत गडचिरोलीतली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना हे शिकवले. ३९ गावांत तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून सरकारने ती देशभर नेली.

मधाचेही सांगायला हवे. वर्षाच्या आत बाळाला मध चाटवू नये, त्यातल्या जंतूंचा धोका असतो. तहनीकची सुन्नत खजुराची आहे, मधाच्या बाटलीची नाही. आणि आईचा पहिला पिवळा चीक पिळून टाकू नका.

सहापैकी पाच फेऱ्या चिल्ल्यातच येतात. नजर उतरवायचीच असेल, तर आशाताई वजन करून गेल्यावर उतरवा.