तालावर नाचणारे दिवे आणि रस्त्याची भाषा

गळीत हंगाम सुरू झाला की सांगली-कोल्हापूरकडील रस्त्यांवर रात्री एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर येत असतो. तो दिसण्यापूर्वी ऐकू येतो, कारण कर्ण्यांवर गाणे दणदणत असते. जवळ आला की चालकाच्या छपराखाली लाल, निळे, हिरवे दिवे ठेक्याबरोबर उघडमीट करताना दिसतात. तो पुढे निघून जातो आणि मागच्या ट्रॉलीकडे पाहावे, तर तेथे पुष्कळदा तांबडा दिवा नसतो, परावर्तक पट्टीही नसते. पुढे दिवाळी आणि मागे अमावास्या! भरधाव येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती ट्रॉली दिसते ती अगदी शेवटच्या क्षणी.

हे दिवे बाजारात तयार मिळतात, हे खरे. तथापि त्यांतील कित्येक घरी जुळविलेले असतात आणि जुळविणारा बहुधा विशीच्या आतबाहेरचा पोरगा असतो. त्याने काय केलेले असते, हे समजून घेतल्यावाचून त्याच्यावर तोंडसुख घेणे न्यायाचे होणार नाही. सर्वांत साधी रचना अशी : स्पीकरकडे जाणाऱ्या तारेतून ध्वनीचा विद्युत्संकेत घ्यावयाचा आणि तो ट्रान्झिस्टरला द्यावयाचा. ठेका पडला की ट्रान्झिस्टर वाहू लागतो आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवरील एलईडीची पट्टी उजळते. पुढची पायरी अधिक कौशल्याची. रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या गाळण्या लावून ढोलाचा खर्ज, गायकाचा गळा आणि झांजेची किणकिण वेगळी काढावयाची आणि प्रत्येकीला एकेक रंग द्यावयाचा. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात वारंवारता हा शब्द पाठ करून परीक्षा उत्तीर्ण होणारे आपल्याकडे उदंड आहेत; ती डोळ्यांनी पाहिलेला हा एखादाच. रशियन संगीतकार स्क्रियाबिन याने १९१० साली पूर्ण केलेल्या ‘प्रॉमिथियस’ या रचनेत प्रकाशाच्या वाद्यासाठी स्वतंत्र स्वरलेखन केले होते. त्याला आपण प्रतिभावंत म्हणतो. ट्रॅक्टरवरच्या पोराला मात्र वाह्यात म्हणून मोकळे होतो.

असे असले तरी रस्ता ही रंगभूमी नव्हे. रस्त्यावरील दिव्यांना एक भाषा आहे आणि ती निरक्षर माणसालाही वाचता येते. पांढरा प्रकाश म्हणजे वाहन आपल्याकडे येत आहे, तांबडा म्हणजे ते पुढे चालले आहे, तांबडा एकाएकी प्रखर झाला म्हणजे ब्रेक लागला, नारिंगी लुकलुकला म्हणजे वळण. या भाषेत फुकटचे शब्द मिसळले की अर्थाचा अनर्थ होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. समोरचा तांबडा प्रकाश ब्रेकचा की ढोलाचा, हे ठरविण्यात अर्धा सेकंद गेला तर आठ मीटर गेले. शिवाय जोडणीचा धोका निराळाच. ६० वॉटची पट्टी १२ व्होल्टवर पाच अँपिअर प्रवाह खेचते. तार बारीक असेल आणि मध्ये फ्यूज नसेल, तर ती तापून आग लागण्यास वेळ लागत नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनात मूळ रचनेशी विसंगत फेरफार करण्यास मनाई केली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफाराबद्दल वाहनमालकास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेविल्या. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १०८ वा नियम तर स्पष्टच आहे : पुढे तांबडा दिवा नको, मागे तांबड्याखेरीज दुसरा नको. त्यातून वाहनाच्या आतील प्रकाशयोजनेला सूट आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. (याच नियमाच्या आधारे मोठ्या लोकांच्या गाड्यांवर मिरविणारा लाल दिवा १ मे २०१७ पासून गेला, हेही जाता जाता आठवावे.)

केरळचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये पालक्काड जिल्ह्यात वडक्कंचेरीजवळ शाळेच्या सहलीची खासगी बस सरकारी बसवर मागून आदळली आणि नऊ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथील उच्च न्यायालयाने प्रवासी बसमधील रंगीत, झगमगत्या दिव्यांवर कठोर भूमिका घेतली. वस्तुतः त्या अपघातामागे अतिवेग होता. दिव्यांवर कारवाई करणे सोपे असते, कारण ते लांबून दिसतात. वेग मोजण्यास रात्री रस्त्यावर उभे राहावे लागते. आपल्याकडेही तीच सोय पाहिली जाण्याचे भय आहे. २०२३ च्या गणेशोत्सवात लेझरच्या झोतांमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा बंदीचा मार्ग योग्यच होता. डोळ्याच्या पडद्याला झालेली इजा पुष्कळदा भरून येत नाही. परंतु मिरवणुकीतील लेझर आणि रिक्षाच्या आत मिणमिणणारी पट्टी यांना एकाच मापाने मोजणे हा आळस होय.

तेव्हा रेषा कोठे आखावयाची? माझ्या मते काचेवर. वाहनाबाहेर आणि चालकाच्या डोळ्यांसमोर नियमातील दिव्यांखेरीज एकही नको, आणि येथे दयामाया नको. आत, प्रवाशांच्या बाजूस, मंद आणि फ्यूज लावलेली रोषणाई असेल, तर तिच्यापायी पाच हजारांची पावती फाडण्याची गरज नाही. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत या पोरांच्या जुळणीला टेबल मिळाले, तर ती वाहनावर चढविण्याचा हट्टही कमी होईल.

राहता राहिला तो ट्रॅक्टर. छपराखालचे दिवे नाचविणाऱ्या त्या पोराला मागच्या ट्रॉलीचा दिवा जोडण्यास अर्धा तास पुरे आहे. पण ट्रॉली एकाची, ट्रॅक्टर दुसऱ्याचा, ऊस तिसऱ्याचा. वजनकाट्यावर प्रत्येक खेपेची नोंद होते. त्याच काट्यावर मागचा दिवा पेटतो की नाही, हे पाहावयास कारखान्याला कोणी अद्याप सांगितलेले दिसत नाही.