तोल जातोय, हे ती कधीपासून सांगतेय

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा आजार पुरुषांच्या दुपटीहून अधिक बायकांना होतो. तोही बहुधा विशी ते चाळिशीत. मुलं, नोकरी, सासर सगळं एकदम अंगावर असतं त्या वयात. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण खराब होतं, निरोप नीट पोचत नाहीत. पायाला मुंग्या येतात, नजर अंधुक होते, थकवा जात नाही, तोल जातो. बाहेरून मात्र बाई धडधाकट दिसते. मग घरचे म्हणतात, ‘नाटकं करते.’ दवाखान्यात तेच जरा सभ्य भाषेत ऐकू येतं, ‘टेन्शन घेऊ नका.’

ही नजर जुनीच आहे. १८६८ साली पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात डॉ. शार्को यांनी या आजाराचं नेमकं वर्णन केलं. पुढे त्याच रुग्णालयात त्यांनी बायकांच्या ‘हिस्टेरिया’ची जाहीर प्रात्यक्षिकंही केली. खरं दुखणं कोणतं आणि बायकी कोणतं, हे डॉक्टर ठरवणार. बाईच्या शब्दाला पुराव्याची किंमत नाही.

आता एक नवा पुरावा आला आहे. काडेपेटीएवढे सेन्सर कमरेला, छातीला, घोट्यांना बांधतात. बाईने अर्धा-एक मिनिट स्थिर उभं राहायचं, थोडं चालायचं, वळायचं. शरीर किती झुलतं, धड किती हलतं, हे सेन्सर क्षणाक्षणाला टिपतात. अमेरिकेतल्या पोर्टलंड इथल्या संशोधकांनी २०१२ साली असं दाखवलं की, ज्यांचा चालण्याचा वेग घड्याळ लावून मोजला तर अगदी नेहमीसारखा भरतो, अशा एमएसच्या रुग्णांमध्येही तोलातला बिघाड सेन्सरना सापडतो. म्हणजे डॉक्टरांना नुसत्या डोळ्यांनी जे दिसत नव्हतं, ते होतंच.

मला हे तंत्र हवं आहे. पडण्याआधी धोका कळला तर व्यायाम, काठी, न्हाणीघरात धरायला दांडा, असं बरंच वेळेवर करता येतं. शिवाय २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे; पण आरक्षणासारख्या लाभांसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. जे दिसत नाही त्याचे टक्के मिळवताना बाई थकून जाते. तिथे अशी नोंद तिच्या बाजूने बोलू शकेल.

पण मैत्रिणींनो, माझ्या काही अटी आहेत.

चाचणी होते थंड, सपाट खोलीत. एमएसमध्ये उष्णतेने त्रास वाढतो, हे डॉक्टरांना शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे. आमची बाई उभी असते चुलीपाशी, कडेवर मूल घेऊन, ओल्या मोरीत. तिचा तोल तिथे जातो. तेव्हा सेन्सर मोजायचेच तर तिच्या कामात, तिच्या घरात मोजा.

दुसरं, हा कागद कोणाच्या हातात जाणार? आजाराचा पुरावा सासरच्यांच्या हाती पडला की बाईला औषध मिळण्याऐवजी माहेरची वाट दाखवली जाते, हे कुटुंब सल्ला केंद्रात काम करताना मी पाहते आहे. नोंद तिची, कोणाला दाखवायची, तीच ठरवेल.

तिसरी अट सगळ्यांत महत्त्वाची. हे यंत्र उद्या मोठ्या शहरातल्या चार रुग्णालयांत येईल, तालुक्याला येणार नाही. मग ‘सेन्सरचा रिपोर्ट आणा’ हा नवा अडसर होता कामा नये. थकवा तर या यंत्रात मोजलाच जात नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून ‘तुला काही झालेलं नाही’ असं कोणी म्हणणार असेल, तर आपण पुन्हा शार्कोंच्याच दिवाणखान्यात आहोत.

म्हणून आपल्या आरोग्य गटांनी दोन्ही गोष्टी एकदम मागाव्यात: सरकारी रुग्णालयांत ही तपासणी मोफत हवी, आणि तपासणी असो वा नसो, बाईने सांगितलेलं तिच्याच शब्दांत केसपेपरवर आधी लिहिलं गेलं पाहिजे. यंत्राने तिच्या बोलण्याला दुजोरा द्यावा. तिच्या बोलण्याची जागा त्याने घेऊ नये.