आकड्याआधी निदान विचारा

‘दुरुस्तीला लॅपटॉपच्या निम्म्या किमतीहून जास्त मागितले, की ती लूटच’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. लॅमिंग्टन रोडवर मी वीस वर्षे हेच काम करतो. नुसत्या आकड्यावरून लूट ओळखता येत नाही. बिघाड कोणी शोधला का, ते आधी पाहावे. बंद पडलेल्या लॅपटॉपला ‘मदरबोर्ड गेला’ म्हणणे सर्वांत सोपे. बरेचदा चार्जिंगच्या वाटेवरचा एखादा कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो. तो भाग काही रुपयांचा, पण शोधायला मीटर, मायक्रोस्कोप आणि दोन-तीन तास लागतात. मग ‘एवढ्याशा भागाचे अडीच हजार?’ असे विचारणेही बरोबर नाही. स्क्रीन, बॅटरीचे तसे नाही. पार्ट नंबर घेऊन चार दुकानांत विचारा, दर लगेच कळतो. माल मूळ की कॉपी, हमी किती महिन्यांची, 18 टक्के जीएसटी धरला आहे का, हे लिहून घ्या. काढलेला जुना भागही परत मागा. त्यावर आठ्या घालणाऱ्याकडे मी माझे मशीन देणार नाही. आणि चहा सांडला असेल तर आधीच सांगा. उघडल्यावर डाग दिसतातच!

– एक दुरुस्ती कारागीर, मुंबई