खोलीचं तापमान, पण कुणाच्या खोलीचं?

परवा मत्रहला एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. त्याच्या लेकीनं विज्ञानाचा पेपर पुढे केला. प्रश्न असा : खोलीच्या तापमानाला द्रवरूप असणारी मूलद्रव्यं किती? तिनं लिहिलं होतं 'पाच'. त्यावर लाल फुली, शेजारी बाईंचं उत्तर : दोन, पारा आणि ब्रोमीन.

"काका, आमच्या गच्चीवरच्या खोलीत जूनमध्ये पाचच होतील ना?"

"अगं, दोन पाठ कर आणि मोकळी हो," इति बाबा.

मंडळी, मी पोरीच्या बाजूनं आहे. हिशोब करा. सिझिअमचा द्रवणांक २८.५ अंश, गॅलिअमचा २९.८, रुबिडिअमचा ३९.३. मत्रहचे उघडे खडकाळ डोंगर दिवसभर तापतात आणि रात्रभर ती ऊब परत करतात. एसी बंद पडला की खोली तिशी कधी ओलांडते ते कळतही नाही. म्हणजे सिझिअम, गॅलिअम पातळ! (सिझिअम अर्थात बंद काचनळीत, हवेत ते पेट घेतं.) पत्र्याखाली चाळिशी पार झाली की रुबिडिअमही गेलं. मस्कतच्या आग्नेयेला किनाऱ्यावर कुरयात आहे. तिथे २६ जून २०१८ ला चोवीस तासांतलं किमान तापमान ४२.६ अंश होतं. म्हणजे तिथे भर रात्रीसुद्धा पाच!

बाई चुकल्या का? २५ अंश धरले तर मुळीच नाही. जगभरच्या प्रयोगशाळांना आकडे ताडून बघायचे तर एक ठरलेलं तापमान लागतंच, मीही रोज तेच वापरतो. पण तो संकेत आहे, निसर्गनियम नव्हे. प्रश्नपत्रिकेत २५ लिहिलेलेच नव्हते. लिहिली होती 'खोली', आणि पोरीनं आपली खोली धरली. याला मी चूक नाही, विज्ञान म्हणतो.

आपल्या घरी खोबरेल तेलाची बाटली थंडीत गोठते, आई ती उन्हात ठेवते. ते तेल 'मुळात' स्थायू की द्रव, असं कुणी विचारतं का? मग मूलद्रव्यांच्याच कपाळी कायमचा शिक्का कशाला? चंद्रपूरच्या मे महिन्यात आणि महाबळेश्वरच्या जानेवारीत तोच तक्ता, तेच पाठांतर!

"एका मार्कासाठी केवढं रामायण," म्हणाल. पण हेच पाठांतर पुढे इंजिनिअर होतं. सौर पॅनेलवर छापलेले वॅट पेशीचं तापमान २५ अंश धरून मोजलेले असतात. इथल्या गच्चीवर पेशी सहज ६५ ला जाते. सिलिकॉनची शक्ती दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते, म्हणजे चाळीस अंशांत १२ ते १६ टक्के गायब. छापील आकड्यावर विसंबून पॅनेलं मोजणारे पदवीधर मी पाहिलेत. २५ कुठून आले, हे त्यांना शाळेत कुणी विचारू दिलं नव्हतं.

तेव्हा गुरुजनहो, प्रश्नात '२५ अंश सेल्सिअसला' एवढे दोन शब्द घाला. आणि घातले नसतील, तर पाच लिहिणाऱ्या पोरीला पूर्ण मार्क द्या. तिनं निदान खिडकीबाहेर बघितलं.

असो. बाबांचा राग अजून गेलेला नाही. मला पुढचं आमंत्रण येतं का बघायचं.