दारू आणि चार भेटी

नरखेड तालुक्यांत संत्र्याच्या बागेचा सौदा होऊन इसाऱ्याची रक्कम हातीं पडली म्हणजे घरांत आनंद व्हावा; परंतु जेथें कर्ता पुरुषच पिणारा, तेथील बायकांस त्याच दिवसाची धास्ती असते. अशा माणसास आपण शपथ घालतों, चारचौघांत त्याची लाज काढतों, गडी असल्यास कामावरून दूर करतों. तो दोन दिवस दबतो व तिसरे दिवशीं पुनः गुत्त्याची वाट धरतो. बागेवर कोळशी आली असतां झाडास शिव्या देणारा बागाईतदार आम्हीं पाहिला नाहीं!

कायद्यावरच भिस्त ठेवावी, तर चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं दारूबंदी झाली व २०२१ सालीं उठली. कायदा असो वा नसो, पिणाऱ्याशीं कोणी तरी नीट बोललें पाहिजे.

तें कसें बोलावें, याचा कसून केलेला प्रयोग गोव्यांत झाला. ‘संगाथ’ संस्थेनें तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांतून हानिकारक प्रमाणांत पिणारे ३७७ पुरुष निवडले. सुमारें निम्म्यांस नेहमींचे उपचार दिले. उरलेल्यांस त्याखेरीज समुपदेशकाच्या फार तर चार भेटी, दर भेट अर्ध्या-पाऊण तासाची. समुपदेशक डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेलीं स्थानिक माणसें होतीं. पिण्याचा व त्यापासून झालेल्या हानीचा हिशेब प्रथम पिणाऱ्याकडूनच मांडवावयाचा. मग दोस्तांचा आग्रह कसा मोडावा, तलफ आल्यास काय करावें, हें त्याच्याशीं ठरवावयाचें. अखेर, पाय घसरल्यास सांवरावें कसें तें. उपदेश नाहीं, धाक नाहीं. २०१७ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनीं दारू न घेणारे या गटांत शेंकडा ४२ निघाले, दुसऱ्यांत १८. वर्षानेंही लाभ टिकला होता. जे पीतच राहिले, त्यांचें रोजचें प्रमाण मात्र तीन महिन्यांनीं कमी झालेलें दिसलें नाहीं; तेव्हां हा रामबाण नव्हे.

दारूवांचून सकाळीं ज्याचे हात कांपतात, त्याची गोष्ट वेगळी. त्यास आधीं डॉक्टरांस दाखवावें. एकाएकीं बंद केल्यास झटके येऊन प्राणावर बेततें.

आमची सूचना अशी कीं, तालुक्यांतील ग्रामसभांनीं ठराव करून जिल्हा परिषदेकडे मागणी करावी: प्रत्येक आरोग्य केंद्रांत आठवड्यांतून एक दिवस तरी असा शिकविलेला माणूस बसावा. शिकलेलीं, पण रिकामीं मुलें गांवोगांव आहेत. बागाईतदार स्वतः पीत असेल, तर पहिली भेट त्यानेंच घ्यावी. गड्यास जावयाचें असेल, तर त्यास अर्धा दिवस मोकळा द्यावा व त्याची मजुरी कापूं नये.