कासवाचा शिधा

विलायतेंत जाऊन राहिलेल्या आपल्या मंडळींपैकीं कांहींच्या घरीं मुलांच्या हट्टास्तव जमिनीवरचें कासव पाळलेलें असतें. अशाच एका कुटुंबांतील गृहिणीनें आम्हांस लिहिलें आहे कीं, कासवासाठीं दर आठवड्यास पाकीटबंद सॅलड, काकडी व टोमॅटो आणावे लागतात. खर्च वाढतो तो वाढतोच, आणि इतकें करूनही अलीकडे त्याचें कवच दाबल्यास मऊ लागतें. ताजा पाला स्वस्तांत अगर फुकट कोठें मिळेल, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न वरवर किरकोळ दिसला तरी त्यांत एका मुक्या जिवाचें आयुष्य गुंतलेलें आहे. म्हणून या महिन्याचें पान त्यासच देत आहोंत.

प्रथम निकडीची गोष्ट. कवच मऊ पडणें हें हाडें दुबळीं झाल्याचें लक्षण असूं शकतें. यास्तव कासव आधीं पशुवैद्यास दाखवावें. पाला बदलल्यानें पुढील नुकसान टळेल. जडलेल्या रोगावर तो औषध नव्हे.

आतां खर्चाविषयीं. येथें महाग तें अपथ्य आणि फुकट तें पथ्य, असा दुर्मिळ योग जुळून आला आहे! विलायतेंत पाळलीं जाणारीं बहुतेक कासवें मूळचीं भूमध्यसमुद्राकांठचीं अथवा मध्य आशियांतील रुक्ष माळरानांचीं. तेथें त्यांच्या वांट्यास येतो तो राठ, तंतुमय आणि कॅल्शियमनें समृद्ध असा रानपाला. त्यांची पचनशक्तिही तशीच घडलेली असते. काकडी म्हणजे बहुतेक पाणी. टोमॅटो व फळें यांतील साखरेनें पोट बिघडतें. पालकांत कॅल्शियम आहे खरें, पण त्यांतील ऑक्झॅलिक आम्ल तें बांधून ठेवतें आणि अंगीं लागूं देत नाहीं. दूधपाव किंवा भिजविलेली डाळ प्रेमानें पुढें करणारे वडीलधारेही असतात. परंतु हें प्रेम कासवास मानवत नाहीं. त्याच्या अन्नांत कॅल्शियम हें फॉस्फरसच्या निदान दुप्पट असावें असा नियम आहे, आणि जो डँडेलियन माळी तण म्हणून उपटून टाकतो, तो या कसोटीस सहज उतरतो.

ही गोष्ट जुन्या जाणत्यांच्या दृष्टीस पूर्वींच पडली होती. हँपशायर परगण्यांतील सेलबोर्न गांवचे पाद्री व निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांस १७८० सालीं आपल्या आत्याच्या मृत्यूनंतर तिचें कासव मिळालें. आत्यानें तें सुमारें चाळीस वर्षें सांभाळलें होतें. ज्यांतून दुधासारखा चीक येतो अशा वनस्पति, म्हणजे लेट्यूस, डँडेलियन आणि सो-थिसल, या कासवास विशेष आवडतात, असें व्हाइट यांनीं १७८९ सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. यांपैकीं दोन तर निव्वळ तण. व्हाइट १७९३ सालीं वारले. कासव त्यांच्यामागें १७९४ पर्यंत जगलें. त्यास ‘टिमोथी’ असें पुरुषाचें नांव होतें, पण पुढें कवचावरून ती मादी असल्याचें आढळून आलें! तें कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियममध्यें जतन केलेलें आहे.

आपल्याकडील पाथरीची भाजी ज्या सासूबाईंस ठाऊक असेल, त्यांस डँडेलियन परका वाटूं नये. दोन्हीं एकाच कुळांतील; पान खुडलें कीं दोहोंतूनही पांढरा चीक येतो. मात्र केवळ चिकावर विश्वासूं नये. आपल्या शेराच्या कुळांतील ‘स्पर्ज’ नांवाचें तणही चीक गाळतें आणि तें विषारी आहे. इसबगोलाच्या कुळांतील प्लँटेन हेंही उत्तम खाद्य. त्याच्या पानावरील लांब समांतर शिरांवरून तें ओळखतां येतें. पांढरा क्लोव्हर थोडा मिसळावा. द्राक्षवेलीचीं व तुतीचीं पानें, जास्वंदीचीं पानें व फुलें, गुलाबाच्या पाकळ्या हींही चालतात. मात्र तीं औषध मारलेल्या झाडांचीं नसावींत. फॉक्सग्लोव्ह, डॅफोडिल, बटरकप व रॅगवर्ट यांस हात लावूं नये. ज्याची ओळख पटली नाहीं तें पान टोपलींत घालूंच नये.

मिळण्याचीं ठिकाणें अशीं. पहिलें आपलेंच परस: हिरवळीचा एक पट्टा न कापतां, तणनाशक न फवारतां सोडून द्यावा. दुसरें शेजारी: त्यांस नकोसें झालेलें तण ते आनंदानें देतील, फक्त फवारणीविषयीं आधीं विचारावें. तिसरें मोकळें माळरान. इंग्लंड व वेल्समध्यें १९६८ च्या चोरीविषयक कायद्याप्रमाणें आपोआप उगवलेल्या झाडाचीं पानें विक्रीसाठीं नव्हे तर घरगुती उपयोगासाठीं खुडणें ही चोरी होत नाहीं. परंतु १९८१ च्या वन्यजीवविषयक कायद्यानें जमिनीच्या मालकाच्या संमतीवांचून रोप मुळासकट उपटणें हा गुन्हा आहे. रहदारीच्या रस्त्याकडचा आणि कुत्रीं फिरावयास नेतात तेथील पाला वर्ज्य करावा, आणि आणलेला स्वच्छ धुवावा. ज्यांस परस नाहीं त्यांनीं खिडकींतील कुंडींत डँडेलियनचें बीं पेरावें. दुकानांतून घेणेंच प्राप्त झालें तर चिकरी अथवा एंडाइव्ह घ्यावी.

थंडींत पाला दुर्मिळ होतो. आपण उन्हाळ्यांत वाळवणें घालतों, तद्वत् प्लँटेनचीं व तुतीचीं पानें सावलींत वाळवून डब्यांत भरून ठेवावींत आणि देतांना पाण्यांत भिजवावींत. जोडीस समुद्रफेनाचा तुकडा ठेवावा. कासव तो कुरतडतें व त्यास कॅल्शियम मिळतें. मात्र तें अंगीं लागण्यास सूर्यप्रकाश, अथवा तो नसेल तेव्हां अतिनील किरणांचा खास दिवा, अवश्य पाहिजे. केवळ पाल्यानें काम भागत नाहीं.

हें वाचून इकडील कोणा वाचकास कासव पाळण्याचा मोह होईल, म्हणून एक इशारा. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलें आपल्या देशांतील स्टार कासव बाळगणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे. कोणी चोरून विकत असल्यास तें घेऊं नये, व वाट चुकलेलें आढळल्यास वनखात्यास कळवावें. कासवाचें कौतुक देवळांतील सभामंडपांतही करतां येतें.

ज्यांच्या घरीं तें कायदेशीररीत्या आहे, त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. नीट सांभाळलेलें कासव पन्नास वर्षें आणि त्याहूनही अधिक जगतें. म्हणजे आज त्यास पान भरविणाऱ्या नातवाच्या हातूनच पुढें तें त्याच्याही मुलांकडे जावयाचें. तेव्हां पाला वेंचावयास जातांना मुलांस बरोबर न्यावें, आणि कोणतें पान खुडावें व कोणतें टाळावें हें त्यांस झाडापाशींच उभें राहून दाखवावें.