जुनी गाडी आणि जुना अंक

‘गाड्या आम्हीच बनवतो, आम्हाला गाड्यांचं मासिक काय शिकवणार?’ भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात मोटारींच्या मासिकांचा विषय काढला की हे उत्तर हमखास येतं. त्यामागचा अभिमान खोटा नाही. सिएरा, सुमो, इंडिका पिंपरीत तयार झाल्या. पोलो, एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ-एन चाकणमधून बाहेर पडल्या. या गाड्यांचे सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या शेड गल्लीगल्लीत आहेत. तरीही हे उत्तर चुकीचं आहे, आणि त्याचा भुर्दंड इथल्याच माणसाला स्वतःची पहिली गाडी घेताना भरावा लागतो. माझं म्हणणं असं की मोटारींच्या मासिकाची खरी गरज शौकिनापेक्षा सामान्य गाडीवाल्याला आहे, आणि मासिक मोबाइलवर आल्यापासून ते प्रथमच पुरतं त्याच्या उपयोगाचं झालं आहे.

लाइनवरचा माणूस आपल्या हातातला पार्ट ओळखतो. ड्रॉइंग, टॉलरन्स, गेज, रिजेक्शन या गोष्टींत त्याला कुणी फसवू शकत नाही. पण पार्ट ड्रॉइंगबरहुकूम झाला म्हणजे पूर्ण गाडी आपल्या कुटुंबाला योग्य ठरते असं नाही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण चाकणचंच आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. ताशी ६४ किलोमीटरच्या त्या चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. यातल्या पोलोचा सांगाडा धडकेत टिकला होता. चाकणच्या वेल्डिंगमध्ये खोट नव्हती. चाचणीतल्या व्हेरियंटमध्ये एअरबॅग नव्हत्या, म्हणून शून्य. त्याच पोलोची दोन एअरबॅगवाली गाडी चाचणीला दिली तेव्हा तिला चार तारे मिळाले, आणि कंपनीनं एअरबॅग नसलेली पोलो विक्रीतून काढून घेतली. बॉडी तीच, कारखाना तोच, कामगारही तेच. फरक होता तो व्हेरियंटच्या तक्त्यातल्या एका ओळीचा. ती ओळ बॉडी शॉपमध्ये दिसत नाही. ती वाचावी लागते.

चाचणी मासिकांनी केली नव्हती, हे खरं. पण कोणत्या महिन्यापासून कोणत्या व्हेरियंटला काय मिळू लागलं आणि काय काढून घेतलं, हे दर महिन्याला नोंदवून ठेवण्याचं काम मासिकंच करत आली आहेत. आणि इथेच माझा मुख्य मुद्दा येतो.

आपल्या पट्ट्यातला सामान्य माणूस नवी गाडी क्वचित घेतो. लातूर, बीड, नांदेड, जळगावकडून येऊन मोशीत, चिखलीत किंवा कुरुळीत स्थिरावलेल्या घरात पहिली गाडी येते ती बहुतेक वेळा वापरलेली, पाचसात वर्षांची. अशा ग्राहकाला या महिन्याच्या अंकाचा फारसा उपयोग नाही. त्याला हवा असतो ती गाडी नवी असतानाचा अंक. छापील मासिकानं त्याला तो कधी दिला नाही. स्टॉलवर चालू अंक मिळे, आणि जुना अंक रद्दीत गेला की संपला. मोबाइलवरच्या वर्गणीत मात्र अनेक मासिकांचे मागचे अंकही उघडतात. २०१७ सालची गाडी बघायला निघालेला माणूस कंपनीच्या बसमध्ये बसल्या-बसल्या २०१७ सालची रोड टेस्ट वाचू शकतो. मोटारवाचनात एवढी मोठी सोय यापूर्वी झाली नव्हती.

२०१७ हे साल मी मुद्दाम घेतलं. आपल्याकडे नव्या गाड्यांत चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणाही त्याच वर्षी सक्तीची झाली. शेजारच्या सीटसाठीची एअरबॅग तर २०२१ मध्ये सक्तीची झाली. म्हणजे त्याआधीच्या कित्येक गाड्यांच्या खालच्या व्हेरियंटमध्ये या गोष्टी नसू शकतात. बाहेरून गाडी तशीच दिसते, रंग तोच, मागे नाव तेच, आणि एजंट सांगतो, ‘साहेब, हीच ती फाइव्ह स्टारवाली.’ पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी म्हणजे रांजणगावात बनणारी नेक्सॉन, आणि तिला ते मिळाले डिसेंबर २०१८ मध्ये. त्याआधी विकल्या गेलेल्या नेक्सॉनमध्ये नेमकं काय होतं आणि काय नव्हतं, हे एजंटच्या बोलण्यावरून ठरवायचं का? त्या काळच्या अंकात व्हेरियंटचा तक्ता असतो. पाच मिनिटांचं वाचन आहे, आणि प्रश्न घरातल्या चौघांच्या जिवाचा आहे.

यावर दुसरा आक्षेप येतो: ही मासिकं शौकिनांची. मुखपृष्ठावर फेरारी, आत जर्मन रस्त्यांवरचे फोटो. हप्त्यावर गाडी घेणाऱ्यानं त्यात काय बघायचं? मुखपृष्ठाबद्दलची तक्रार मी मान्य करतो. पण मुखपृष्ठ म्हणजे मासिक नव्हे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० येईपर्यंत आपल्याकडे अँबॅसडर आणि पद्मिनी यांतून निवडायचं होतं, आणि निवडीहून मोठा प्रश्न नंबर कधी लागतो हा होता. त्या काळात मासिक वाचून ठरवण्यासारखं थोडंच होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाजार भरला. ‘ओव्हरड्राइव्ह’ १९९८ चं, ‘ऑटोकार इंडिया’ १९९९ चं, आणि पिंपरीची इंडिका बाजारात आली ती १९९८ च्या डिसेंबरात. हा योगायोग म्हणता येणार नाही. मध्यमवर्गाला निवड करावी लागू लागली तेव्हा ही मासिकं निघाली. पहिल्या इंडिकाबद्दल तक्रारी आल्या, टाटांनी त्या ऐकल्या आणि २००१ मध्ये सुधारलेली व्ही-टू आणली. नाव एकच, पण गाड्या दोन. शौकिनाला हा फरक माहीत असतोच. ज्याला तो माहीत नाही आणि ज्याची दहा वर्षांची बचत पणाला लागली आहे, मासिक त्याच्यासाठी आहे.

मायलेजचंच घ्या. ‘एआरएआय इतकं सांगतं, मला इतकंच मिळतं’ ही तक्रार प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐकू येते. एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या करणारी, आपल्या पुण्यातली, १९६६ पासूनची संस्था. तिचा आकडा खोटा नसतो. तिची मायलेजची चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या चक्रानुसार, एसी बंद ठेवून होते. एका गाडीची दुसरीशी तुलना करायला ती योग्यच आहे. पण चाकणच्या तळेगाव चौकात अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्याला काय मिळेल, हे त्यातून कळत नाही. चांगलं मासिक टाकी काठोकाठ भरतं, गाडी शहरात आणि महामार्गावर एसी लावून चालवतं, पुन्हा काठोकाठ भरतं आणि दोन वेगळे आकडे छापतं. आपल्याला लागतात ते हेच दोन आकडे.

डिझेलचं उदाहरण तर याहून महागात पडणारं आहे. एप्रिल २०२० पासून धुरासाठीचे बीएस-६ निकष आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर बसू लागला. अडकलेली काजळी जाळून टाकायला गाडी मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगानं बराच वेळ चालावी लागते. मोशीहून भोसरीला जाणारा आणि परत येणारा माणूस, रोज जेमतेम काही किलोमीटर, तेही ट्रॅफिकमध्ये. त्याचा फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि मग वर्कशॉपच्या खेपा सुरू होतात. विकताना हे सांगेल असा सेल्समन विरळा. मासिकांच्या वाचकांच्या प्रश्नोत्तरांत मात्र हा विषय पुन्हापुन्हा आला आहे. तुम्ही रोज गाडी किती चालवता, हा प्रश्न तिथे गाडीच्या नावाआधी विचारला जातो.

‘मग यूट्यूब आहे की, तेही फुकट.’ व्हिडिओचं मोल मी कमी करत नाही. इंजिनाचा आवाज, मागच्या सीटवर गुडघ्यांना किती जागा उरते, हे बघूनच कळतं. पण निर्णय घ्यायला दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवावे लागतात, मागे जाऊन पुन्हा तपासावे लागतात, घरच्यांना दाखवावे लागतात. तिसऱ्या गिअरमध्ये २० वरून ८० च्या वेगाला किती सेकंद, चौथ्यात ४० वरून १०० ला किती, ८० वरून थांबायला किती मीटर. शर्यतवाल्यांचे आकडे म्हणून आपण ही पानं उलटतो. प्रत्यक्षात दिवाळीला गाडीत पाच माणसं आणि डिकीत सामान भरून गावाकडे निघालेल्या माणसाला दुपदरी रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडायचं असतं. समोरून येणारी एसटी दिसत असताना ते करायचं की थांबायचं, हे ठरतं ते याच आकड्यांवर.

सगळ्यात वजनदार आक्षेप जाहिरातींचा आहे. ज्या कंपनीची पानभर जाहिरात, तिच्याच गाडीवर टीका कोण करणार? हा संशय निराधार नाही, आणि तो व्हिडिओवाल्यांनाही तेवढाच लागू होतो. यावर वाचकाच्या हातात दोन उपाय आहेत. पहिला, एकाच गाडीवर दोन-तीन मासिकं काय म्हणतात ते बघणं. छापील अंक विकत घेऊन हे परवडत नव्हतं, मोबाइलवरच्या एका वर्गणीत परवडतं. आणि पहिल्या ड्राइव्हच्या लेखापेक्षा दीर्घकालीन अहवालावर अधिक विश्वास ठेवणं. गाडी कित्येक महिने कार्यालयात वापरून सर्व्हिसिंगचं बिल, खडखडणारे ट्रिम, घासलेले टायर यांची त्यात नोंद असते. दुसरा उपाय पैसे देण्याचा. मासिकांच्या पीडीएफ व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर फुकट फिरतात, आपण आनंदानं पुढे पाठवतो, आणि नंतर मासिकं विकली गेली म्हणून बोटं मोडतो. वाचकाची वर्गणी आटली की संपादकाला जाहिरातदाराशिवाय आधार उरत नाही. लाखांची गाडी घेताना वर्षाच्या वर्गणीचे काहीशे रुपये जड वाटत असतील, तर निःपक्ष परीक्षणाची अपेक्षा करण्याचा हक्क आपण स्वतःहून सोडतो.

कागदाचा स्पर्श, पडद्यानं दुखणारे डोळे, याबद्दल मी वाद घालत नाही. छापील पान छोट्या पडद्यावर चिमटीनं मोठं करत वाचणं त्रासाचं आहे. बऱ्याच अॅपमध्ये नुसता मजकूर मोठ्या अक्षरांत दिसण्याची सोय असते, ती वापरावी.

इंग्रजीचा अडसर मात्र खरा आहे, आणि त्यावर माझ्याकडे खंडन नाही. ही मासिकं इंग्रजीत आहेत. टॉर्क, ग्राउंड क्लिअरन्स, सस्पेन्शन हे शब्द इथल्या आयटीआयच्या मुलाला कुणी समजावून द्यावे लागत नाहीत. त्याला अडवतात ते भोवतालची लांबलचक वाक्यं. मराठी वाचकाला या विषयाची ओढ नाही असंही नाही. ‘लोकसत्ता’मधल्या ‘कोणती कार घेऊ?’ या सदरात वाचक आपलं बजेट, रोजचं अंतर, घरातली माणसं लिहून पाठवत आणि सल्ला मागत. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं आणि पुढे ते महाराष्ट्रभर वाचलं गेलं. पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये आज त्या वाडीच्या कितीतरी पट यंत्रं, अभियंते आणि वाचक आहेत. आकड्यांच्या तक्त्यांसह पूर्ण रोड टेस्ट देणारं, वापरलेल्या गाड्यांना मानाचं पान देणारं मराठी डिजिटल मासिक या पट्ट्यातून निघायला हवं. छपाईचा आणि वितरणाचा खर्च आता आड येत नाही. महापालिकेच्या वाचनालयांनी आणि मोठ्या कंपन्यांनी त्याची, आणि तोवर इंग्रजी मासिकांची, सामूहिक वर्गणी भरावी.

आणि वाचकांनो, या रविवारी कुणाबरोबर वापरलेली गाडी बघायला जाणार असाल, तर निघण्याआधी ती गाडी ज्या साली बनली त्या सालचा अंक उघडून व्हेरियंटचा तक्ता वाचा. एअरबॅग किती, एबीएस आहे का, एवढं कागदावर लिहून सोबत न्या आणि गाडीशी ताडून बघा.